शून्याखाली

मोजपट्टी पुलाच्या दुसऱ्या खांबाला ठोकलेली आहे.
पांढऱ्यावर काळे आकडे, मीटरचे तेवढे लाल.
सकाळी आठला एकदा, संध्याकाळी पाचला एकदा
मी पायऱ्या उतरते, वाकते, वाचते,
वहीत लिहिते आणि खाली सही करते:
गुणवंती घनू गांवस, रोजंदारी.

नवऱ्याचं काम होतं हे. तो गेला तेव्हा
ऑफिसातल्यांनी विचारलं, वाचता येतं ना?
म्हटलं, आकडे येतात.
आणि नदी मला माहेरापासून येते.

पावसाचे चार महिने मला मान असतो.
वाळपईहून फोन, पणजीहून फोन,
बाई, किती झालं? बाई, चढतंय का?
एकदा रात्री दोनला, एका हातात छत्री, एका हातात बॅटरी,
सात पूर्णांक चाळीस असं ओरडून सांगितलं होतं मी
म्हादईच्या आवाजावरून.
फेब्रुवारीनंतर फोन वाजत नाही.
उतरणाऱ्या पाण्याची कोणाला घाई नसते.

म्हाळू झर्मेकरचं पुरण पुलाच्या वरच्या अंगाला.
दगड, टाळे, चिखल घालून दरवर्षी तो धार वळवतो,
नदीच्याच गाळात भात पिकवतो.
यंदा बांध तीनदा वर सरकवला.
भात पोटरीला आलं तेव्हा रोज विचारायचा,
आज किती?
शून्य पूर्णांक बावीस.
मग नुसती मान.
शून्य पूर्णांक नऊला त्याने बिडी काढली
आणि पेटवायची विसरला.

सव्वीस एप्रिलला पट्टीचा पाय उघडा पडला.
पाणी खांबापासून दीड हात लांब
खडकाच्या घळीतून चाललेलं,
भांडण झालेल्या घरातून
सून मागच्या दाराने जावी तसं.
शून्य लिहावं, तर नदी आहे.
आकडा लिहावा, तर पट्टी नाही.
इंजिनियर म्हणाले, निरंक लिहा.
निरंक.
एखाद्या मुलाचं नाव ठेवावं असा शब्द.

मग मी शेऱ्याच्या रकान्यात लिहू लागले.
२७ : पाणी माझ्या घोट्याएवढं. (मी ठेंगणी आहे.)
२८ : धुण्याची धोंड कोरडी. साबणाचा डाग शिल्लक.
३० : रेड्याच्या कोंडीत शेंगाळे एकमेकांवर. पोरांनी हातांनी धरले. दोन मीही घेतले.
२ मे : टँकर आला. पाणी खालच्या बंधाऱ्यावरचं,
म्हणजे आपलंच, गेल्या आठवड्यात इथून गेलेलं.
३ मे : म्हाळूने भात कापलं. अर्धं फोल. म्हशींना घातलं.
५ मे : दिवाडीची नणंद म्हणते, विहीर खारट लागते.
नदी मागे सरली की समुद्र वर येतो.
त्याला आठ वाजता मोजायला कोणी नाही.

वही परत आली. लाल शाईत :
शेऱ्याच्या रकान्यात मजकूर नको.
बरोबर आहे. मजकूर नकोच, आकडा हवा.

म्हणून घनूची छिन्नी काढली,
दोरी पट्टीच्या शून्यापासून घळीपर्यंत ताणली,
जावेच्या मुलाकडून पाण्याच्या बाटलीची पातळी करून घेतली,
आणि खडकावर खाली खाली रेघा मारल्या.
दहा. वीस. तीस.
पुढे छिन्नी बोथटली.
तेवढं पुरे, असं मनात म्हटलं. पुरेल का, ठाऊक नाही.
शून्याखालीही जागा असते,
पट्टी करणाऱ्याला तिथे उतरावं लागलं नव्हतं इतकंच.

आज सकाळी आठला लिहिलं : उणे चौदा.
सही केली. रोजंदारी.

म्हाळू म्हशी घेऊन काठावर उभा होता.
आज किती?
उणे चौदा.
त्याने बराच वेळ घेतला.
म्हणजे आहे, म्हणाला,
आणि म्हशी खाली सोडल्या.