एकसष्ट आणि बासष्टच्या मधे

बुझी नदीनं रस्ता खाल्ला तो रात्री,
एकसष्ट आणि बासष्टच्या दगडांमधला.
आधी कडा कुरतडल्या, मग खालची माती ओढून नेली.
सकाळी डांबर तेवढं लोंबत होतं,
आत हात नसलेल्या बाहीसारखं.

मी झुल्मिरा. उकडलेली कणसं विकते.
बस थांबायची तिथं माझी टोपली.
आता सगळंच थांबलं टोपलीपाशी:
बेइराचे सुके मासे, मीठ, सिमेंट, नवरीसकट एक वरात,
आणि आबिलिओचा ट्रक,
शाळेसाठी बत्तीस दारं घेऊन निघालेला.

खोटं कशाला बोलू, तो आठवडा मला बरा गेला.
दहा मेटिकालचं कणीस पंचवीसला खपलं.
पोरं माणसांना खांद्यावरून पलीकडे नेत,
सामानाचे वेगळे, जाड माणसाचे दुप्पट.
पाचव्या दिवशी चहाची टपरी आली, सहाव्या दिवशी न्हावी.
रस्ता तुटला तिथं गाव उगवलं.

नवव्या दिवशी पलीकडून हाका.
माझीच भाची, ओर्तेन्सिया,
रात्रीपासून कळा देत होती.
दवाखाना आमच्या अंगाला.
पाणी उतरलेलं, होडी बूड टेकत होती,
चिखल कमरेएवढा.
धड नदी नाही, धड रस्ता नाही.

आबिलिओ कुणाशी काही बोलला नाही.
ताडपत्री सोडली,
पहिलं दार चिखलावर आडवं टाकलं.
मग दुसरं.
मग आम्ही सगळेच वाहू लागलो दारं.
कड्या-कोयंड्यांसकट, वर खडूनं लिहिलेलं:
तिसरी अ. चौथी ब. मुख्याध्यापक.

चौघींनी तिला चादरीच्या झोळीत घेतलं
आणि चालत आलो, बंद दारांवरून.
पाय पडला की दार थोडं बुडायचं,
कडेनं बुडबुडे यायचे.
मुख्याध्यापकावर तिनं अशी किंकाळी फोडली
की अलीकडचा न्हावी
वस्तरा हातात घेऊनच धावत आला.

मुलगी झाली.
दवाखान्यात नाही, सिमेंटच्या गोण्यांच्या आडोशाला.
वस्तरा कामाला आला, उकळून.

पुढे ऊन पडलं, इंजिनियर आले.
पुन्हा तोच नळ, तेवढाच अरुंद.
म्हातारा जेमुस म्हणाला,
"साहेब, पाण्याला दार ठेवा.
तुम्ही झरोका ठेवता, ते भिंत पाडतं."
साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं.
मला वाटतं, बेरीज असावी.

रस्ता झाला. टपरी गेली, न्हावी गेला.
बसगाड्या नव्या काळ्या तुकड्यावरून
सुसाट जातात, थांबत नाहीत.
कणीस परत दहाला,
तेही घेणारा भेटला तर.

शाळेला दारं बसली.
कितीही घासलं तरी चौथी ब वर एक पाऊल राहिलंच,
पाची बोटं, टाच जरा खोल.
मास्तर रंग द्यायचा म्हणतात, पोरं देऊ देत नाहीत.
एका पायावर उभी राहून
दुसरा त्या पावलावर ठेवून बघतात,
पडतात, हसतात.

डिसेंबर लागला की संध्याकाळची
मी नळाच्या तोंडाशी जाते.
हात घालून बघते, गवत किती अडकलंय.
थोडं काढते.
थोडं राहू देते.