पोतं ओलं ठेव

वैशाखात डोंग्यावर बोलायचं एकच.
पोतं.
पोतं ओलं आहे का.
आठला बा विचारतो, साडेआठला विचारतो,
जाळं ओढताना दातांत दोर असला
तर नुसत्या भुवईनं विचारतो.
मी टमरेलानं पाणी मारतो.
एचएमटी तांदळाची जुनी बारदानं, दोन,
निळी अक्षरं अर्धी पुसलेली.
त्यांच्याखाली पळसाची पानं
(बेशरमीचा पाला नको, वास धरतो),
पानांखाली बोटरी, दाडक, एखादा रोहू,
आणि टोपलीच्या तळाशी आडव्या काड्या,
पाणी निथळून जावं म्हणून.
"आपल्याच पान्यात भिजत रायली का सडते मासोळी.
मानसासारखंच."
शेवटचा शब्द बाचा नाही. मी जोडला.

बर्फ असतो, नाही असं नाही.
लादी पवनीहून येते, तुसात गुंडाळून,
येता येता अर्धी डांबराला पाजते.
उरलेली सोसायटीच्या पेटीत,
पेटीची चावी वलथरे गुरुजींच्या खिशात,
आणि गुरुजी लग्नाला.
वैशाखात गुरुजी कायम लग्नालाच असतात.

मासोळी मेली की आधी डोळा जातो.
मग कल्ला: लाल, मग विटकरी,
मग उरलेल्या चहासारखा.
गुरुवारच्या बाजारात बायका कल्ला उचलून बघतात,
मायच्या तोंडाकडे कोणी बघत नाही.
"सकाळची हाये वं बाई."
कोणती सकाळ, ते कल्ला सांगतो.

मरळीचं बरं असतं.
गंजभर पाण्यात ती दिवस काढते,
वर येऊन हवा पिते, पुन्हा खाली.
कतला तसा नाही. कतला रुसला की गेला.

आणि त्या दिवशी कतलाच लागला,
पोरगं झोपावं एवढा,
डोंग्याच्या कडेला शेपटी आपटणारा.
ठेकेदाराचा फोन: गाडी पाचला.
तेव्हा दहा वाजलेले.
टमरेलाची कडी हाताला चटका देत होती.

बा उभा राहिला. डोळ्यांवर हात धरून
मोबाइलचा टॉवर आणि टेकडीवरचा बेल
एका रेघेत आणला,
मग डावीकडे शाळेची पाण्याबाहेर उरलेली भिंत.
वल्हव, म्हणाला.
थोडं. आनखी थोडं. थांब.
"काय हाये अथी?"
"मालगुजाराची विहीर."

गाव पाण्यात गेलं तेव्हा मी सहा वर्षांचा.
मला ट्रक आठवतो, आणि टोपल्याखाली कोंबड्या.
बाला अंगण आठवतं, नालीसकट.
कतल्याला त्यानं जाळीच्या थैलीत घातलं,
दगड बांधला, दोर सोडू लागला,
एक हात, दोन हात, कठड्याच्या आत.
"पार खाली नाई सोडाचं.
पार खाली पान्यालेच दम नसते."
मी हात बुडवला.
वरचं पाणी चुलीवरचं,
कोपराच्या पुढं माठातलं.

मग नुसतं बसायचं.
सावली नाही, तर टोपलीवरचं एक बारदान काढून
बानं स्वतःच्या डोक्यावर घेतलं.
मी टमरेलानं पाणी मारत राहिलो,
एकदा टोपलीवर, एकदा बावर.
त्यानं विचारलं नाही ओलं आहे का.
खूप वेळानं, दोराकडे बघत, म्हणाला,
"तुही आजी. दिवसाले अठरा गुंड काढे हिच्यातून.
त्यायच्या घरी भरे."
आणि पायाच्या अंगठ्याला दोराचा वेढा घालून
डोळे मिटले.

पाचला दोर ओढला तर
थैलीनं डोंगा एका बाजूला कलंडवला.
घाटावर ठेकेदारानं कल्ला उचलला.
आत कुंकू.
"बर्फ कुटचा?"
"घरचा," बा म्हणाला.

काटा नऊ किलो सातशेवर थांबला.
पाण्याचे दोनशे कापून
त्यानं साडेनऊ लिहिलं.