धक्क्याला लागताना

रियेकाच्या बंदरात, तिसऱ्या मजल्यावर
नेविया खिडक्या बनवते.
काचेच्या नव्हेत. उचलून कुठेही नेता येतील,
कडेला लावून ठेवता येतील, अशा.

एकीत जहाजांची यादी, एकीत पाण्याची खोली,
एक चिमुकली, नुसत्या वाऱ्याची.
शिवाय अवजारांची पट्टी, पंधरा चिन्हांची;
धरायला तिच्या डाव्या टोकाशी नऊ ठिपके,
किसणीसारखे दिसणारे,
बोटाला काहीच न लागणारे.

खिडकी कडेजवळ आली की निळी सावली पडते:
इथे थांबतेस का?
सावलीने विचारायचं, ओढायचं नाही.
किती पिक्सेलवर विचारायचं, यात दोन आठवडे गेले.
चारवर ती माणूसघाणी वाटायची,
चाळीसवर लोचट.

सोमवारी चाचणीला बार्बा झ्वाने आले.
बत्तीस वर्षं टगबोटींना दिशा दिलेला हात
आता थरथरतो.
बटण दाबायला जावं, तर अख्खी पट्टीच
हातात यायची. सुटी. तरंगती.
तिच्याखाली लांब बांध झाकून जायचा,
दोन बोयांसकट.
"परत सुटली," ते म्हणत,
जणू दोर त्यांनीच ढिला बांधला होता.

नेवियाने वहीत लिहिलं: वापरणाऱ्याची चूक.
मग खोडलं.
विचारलं, "जहाज कडेला कसं लावायचात?"
"लावायचो कुठे? इंजिन बंद करायचो.
शेवटचं हातभर अंतर पाण्याचं असतं.
त्यात आपण लुडबुड करायची नाही."

मराठीत हे चार शब्दांत झालं असतं:
धक्क्याला लागावं, धक्का लागू नये.
पण नेवियाला मराठी येत नाही.
तिने त्या रात्री एक आकडा बदलला,
तीनचा अकरा.
अकरा पिक्सेल सरकेपर्यंत
थरथरीला ओढणं समजायचं नाही.

गुरुवारी झ्वानेंचा फोन: वारा हरवला.
म्हणजे खिडकी, वाऱ्याची.
यादीत तिच्यापुढे बरोबरची खूण, पडद्यावर पत्ता नाही.
नेवियाने फाइल उघडली.
उणे सोळाशे वीस.
दुसरा पडदा बुधवारी दुरुस्तीला गेला होता,
आणि ती तिथेच उभी होती, जिथे ठेवली तिथे,
नसलेल्या काचेवर
ईशान्येचे बावीस नॉट दाखवत, कुणालाच.

आता सुरू होताना प्रोग्राम आधी मोजून घेतो
कोण कुठे उभं आहे, आणि खाली जमीन आहे का.
नसेल तर अलगद आत घेतो.
कुरकुर न करता. सूचनेची पाटी न लावता.

एक प्रश्न अजून उघडाच आहे:
दोन खिडक्या एकाच कडेला, एकाच वेळी आल्या
तर आधी जागा कुणाला?
झ्वाने म्हणतात, जिच्यात मासे असतील तिला.
नेविया हसत नाही.
लिहून घेते.