दोरी समजून

खोल्याला, काजूंच्या सावलीत, वर्गाचा नववा दिवस.
स्वामिनीबाई सांगत होत्या:
अंधारात दोरी पडलेली असते,
आपण साप साप म्हणून ओरडतो.
दिवा आणला की साप कुठे जात नाही,
कारण तो आलेलाच नसतो.

आम्ही वह्यांत उतरवून घेतलं.
सोलापूरच्या निवृत्त अभियंत्यांनी
आकृतीसुद्धा काढली.

तेवढ्यात पायरीशी कुष्टा वेळीप.
चटया वाळवायची वलण तुटली म्हणून
पडवीच्या कोपऱ्यातलं वेटोळं उचलायला गेलेला.
"बाय, दोरी समजून हात घातला," म्हणाला,
"थंड लागली."

कुणी हसलं नाही.
बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला,
भाष्यातल्या ओळीवर बोट तसंच.
"मग?"
"मग कितें? त्यानं मला बघितलं, मी त्याला.
गेलो तो आपल्या वाटेन, वईपलीकडे."

संध्याकाळी नवी वलण बांधली, सुंभाची.
पंचे वाळत घालताना
जो तो आधी तिला
एक बोट लावून बघत होता.
बाईसुद्धा.

कुष्टा तेवढा चहा ठेवायला गेला होता,
अंधारातच,
दिवा न लावता.