तीन बोटं

चिचगाव फाट्यावर, माझ्या पानठेल्याच्या बरोबर समोर
उभा केला त्याले. रेवनाथ गुरनुले.
एक पाय हवेत, हातात डब्बा,
अंगावर सोनेरी पेंट, जो तिसऱ्याच महिन्यात
गुडघ्यावरून सोलपटला अन् आतलं सिमेंट दिसाले लागलं.

मूर्ती सावलीच्या दयाराम पेंटरनं केली.
तो नाटकाचे पडदे रंगवते, राजवाडा, जंगल, तुरुंग.
माणूस पहिल्यांदाच केला,
म्हणून मांड्या राजवाड्याच्या खांबासारख्या.
कमिटीनं त्याले फोटो दिला पोलीस भरतीच्या फॉर्मवरचा,
बावीस वर्षांचा, दोन्ही गाल भरलेले.
"खरं तोंड नको," अध्यक्ष म्हणाले, "पोट्टे भेतीन."

खरं तोंड मले माहीत आहे.
डावा जबडा नागपूरले काढून घेतला त्याचा.
मग प, ब, म त्याच्या ओठात थांबेनात,
'पैसे' म्हणाले गेला की 'ऐसे'.
ऐसे द्या, ऐसे द्या, करत तो धावला
मूल, सिंदेवाही, नागभीड, पार उमरेडपर्यंत,
तोंडाले पिवळा दुपट्टा, पायात भरतीच्या वेळचेच बूट.
धानाच्या बांधीतून बाया वर यायच्या,
नोटेवर अंगठ्याएवढा चिखल.

डब्बा माझाच. सुपारीचा, पाच किलोचा.
मागाले आला तेव्हा मी पन्नीत खर्रा घोटत होतो.
हात थांबला नाही माझा, गिऱ्हाईक उभं होतं.
म्हटलं, संशोधनाले कायले रे?
दवाईले माग, लोक देतीन.
तो हासला. अर्ध्या तोंडाचं हासणं
पाहिल्याशिवाय समजत नाही.
"जबडा तिथं बरणीत ठेवला आहे ना भाऊ,
त्याचं भाडं नको का भराले?"
(हे मी दुरुस्त करून सांगतो.
याच्यातलं अर्धंच त्याच्या तोंडून निघालं.)

शाळा दिसली की थांबायचा.
पोट्ट्यांपुढे तीन बोटं धरायचा, एकावर एक,
घाला तोंडात.
गेली? पळा.
नाही गेली, तर मास्तरच्या कानाशी जायचा.
नवरगावच्या शाळेत मास्तरचीच गेली नाहीत.

दोन लाख अकरा हजार तीनशे चाळीस,
अन् एक जोडवं, कोणाचं ते समजलं नाही.
नागपूरहून पोच आली शिक्क्याची.
तेव्हा रेवनाथ नव्हता.

उद्घाटनाले पडदा सरकला, डफ वाजला.
कुंदा, त्याची बायको, लई वेळ पाहत राहिली.
मग दयारामले म्हणाली,
"याच्याशी लगन झालं होतं माझं. चांगला केला.
पण डब्बा घेऊन गेला तो दुसरा होता."
माझ्याकडून स्टूल मागितला,
वर चढली, पिशवीतून पिवळा दुपट्टा काढला
अन् डाव्या गालावरून घट्ट बांधला,
जसा रोज पहाटे बांधत असेल.
अध्यक्ष काही बोलाले गेले, अन् माइकच बंद पडला.

आता कंडक्टर फाट्याचं नाव घेत नाही,
'दुपट्टेवाला उतरा' म्हणते.
ऊन लागून दुपट्टा पांढरा पडला की कुंदा बदलते.
दर वेळी स्टूल माझाच.

मी अजून खर्राच विकतो. लपवाचं काय त्याच्यात.
लोक त्याच्या चबुतऱ्यावर बसून खातात,
पिचकारी मात्र पलीकडे, नालीत टाकतात.
एवढा मान ठेवतात.

काल रात्री ठेला बंद केला.
फाट्यावर कोणी नव्हतं, एक कुत्रं होतं.
त्याच्या उचललेल्या पायाखाली उभा राहिलो,
बोटं धरली एकावर एक.
दोन गेली.
तिसरं दाताशी अडलं.

हात धुऊन पुन्हा पाहिलं.