क्रमांक

कुत्र्यांच्या पट्ट्यांवरची नावं कोरते मी,
बोलिंगच्या चषकांवरची आडनावं,
कधी अस्थिकलशावर दोन तारखा
आणि मधली आडवी रेघ.
यंदा सप्टेंबरपासून बंदुका येतात.
टॉवेलात गुंडाळलेल्या, बुटांच्या खोक्यातल्या,
एक तर पावाच्या पिशवीतून आली,
चुरा झटकूनच टेबलावर घेतली.
घरी जुळवलेल्या सगळ्या. बिननंबरी.
लायसन नवऱ्याच्या वेळचं. तो विकायचा,
मी नुसती कोरते.

कोल्टर फ्लॅटला कायदा उशिरा पोचतो,
राजधानी तीनशे मैल, मधे डोंगर.
पोचला त्या सकाळी कॅफेत
कुणी दुसरी कॉफी मागितली नाही.

ऑरिन टॅकेट म्हणाला,
माझ्या हातांनी केली, माझ्या गॅरेजात,
तिचं बारसं सरकारने का करावं?
हॉलिस ब्रँटने बोटं मोडली:
आज नंबर, उद्या यादी,
परवा दारावर थाप.
आणि तेरवा? बर्निसने विचारलं.
तेरवाचं त्याच्याकडे काही नव्हतं.

बर्निस ओल्मस्टेड बावीस वर्षं
तातडीच्या वॉर्डात रात्रपाळी करते.
म्हणाली, पंधरा वर्षांचं पोर होतं,
मी त्याचा बूट काढत होते, लेस भिजलेली.
बंदूक सापडली, पण ती कुणाचीच नव्हती.
ना आई ना बाप, आभाळातून पडल्यासारखी.
मग स्वतःचीच पर्समधून काढली,
नवऱ्याने केलेली, लग्नाच्या विसाव्या वाढदिवसाची,
म्हणाली, कोर. ठसठशीत कोर.
नवरा बाहेर गाडीत बसून राहिला.
आत आला नाही.

गिल शूमनने आपली पुरली,
कोंबड्यांच्या खुराड्याखाली.
हे गुपित आहे.
सगळ्या गावाला ठाऊक आहे, कोंबड्यांनाही.

आर्व्हल नायगार्ड आला गुरुवारी,
लाकडाच्या गिरणीत चाळीस वर्षं काढलेला,
डाव्या हाताला साडेतीन बोटं.
रुमाल उलगडताना घाई केली नाही.
डीनने केली ही, म्हणाला,
स्वयंपाकघरातल्या टेबलावर, एका हिवाळ्यात.
एक बाजू जरा जास्त घासलीय बघ,
मी सांगत होतो त्याला, थांब आता.
डीन गेला त्याला तीन वर्षं झाली.
हायवेवर बर्फ होतं, आणखी काही नाही.

त्याचं नाव घाल, म्हणाला.
नाव चालत नाही, आर्व्हल. आकडा लागतो.
कुणी ठरवायचा?
दुसऱ्या कुणाचा नसला म्हणजे झालं.

बराच वेळ खिडकीतून बघत राहिला,
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं,
सेजब्रश, आणि बंद पडलेला पेट्रोलपंप.
मग सात आकडे म्हणाला, एका दमात,
तिसऱ्यानंतर किंचित थांबून.
कोरायला घेतल्यावर कळलं मला.
त्यांच्या घरचा फोन. तारेवरचा, भिंतीवरचा.
कधीच कापलाय तो.
जत्रेत हरवलास तर हा सांगायचा,
म्हणाला, चौथ्या वर्षी पाठ करून घेतला होता.
एकदा हरवला पण होता.
कुणीतरी फोन केला.

धातूची पिवळसर भुकटी
मी फुंकरीने उडवते नेहमी.
त्या दिवशी ब्रशने गोळा केली,
कशासाठी, कोण जाणे.
त्याने पैसे विचारले, मी घेतले.
न घेणं त्याला आवडलं नसतं.

शनिवारी दुकान बंद करताना ऑरिन टॅकेट.
काखेत टॉवेलाची वळकटी, टोपी खाली ओढलेली.
नुसतं विचारायला आलोय, म्हणाला,
ते रजिस्टर. पेन्सिलीने लिहितेस की शाईने?
शाईने, ऑरिन.
हं, म्हणाला.
स्टुलावर बसला. जाईना.
मी दिवा मालवला नाही.