दहा टक्के ओल

चौतीस वर्षं त्रिएस्तेच्या बंदरात
मी कॉफीच्या गोणी तोलल्या.
हिरवी बी, न भाजलेली.
एक दाणा दाताखाली धरायचे
आणि यंत्राच्या आधी सांगायचे ओल किती:
अकरा. साडेअकरा.
बारा ओलांडले की बुरशी, नऊच्या खाली नुसता भुसा.
हमाल पैजा लावायचे नेरीनाच्या दातावर,
आणि हरायचे.

म्हणून सांगायला लाज वाटते
की नऊ वर्षं माझ्याच ओट्याखाली
एक पिशवी उघडी होती
आणि तिच्यातल्या दाण्याला मी कधी दात लावला नाही.

त्या रात्री बोरा सुटला होता,
गल्लीत माणसांना धरायला दोर बांधावेत असा वारा.
सार्दोन वाळूच्या ट्रेमध्ये बसला.
उठला. पुन्हा बसला.
पहाटेपर्यंत सात वेळा,
आणि वाळू कोरडी.
मग त्यानं जो आवाज काढला
तो वाऱ्याचा असावा असं मला
थोडा वेळ वाटून घ्यायचं होतं.

डॉक्टर फुर्लानबाईंनी नळी घातली,
दोन दिवस ठेवून घेतला.
परत देताना म्हणाल्या,
याचे पूर्वज वाळवंटातले.
तहान लागली तरी याला फारशी कळत नाही.
हा पाणी पीत नाही हो, खातो.
उंदरात असतं तेवढं.
तुम्ही काय घालता?

घरी आले, पिशवी उलटी केली,
चष्म्यावर भिंग धरलं.
ओलावा: दहा टक्के.
तिथंच फरशीवर बसले.
सांतोसहून येणारी बीसुद्धा याहून ओली असते.
जहाजात चढवायचा माल सुका लागतो,
महिनाभर समुद्र काढायचा असतो त्याला.
माझ्या मांजराला कुठं जायचं होतं?

डबा उघडला, टर्कीचं मांस, रश्श्यात.
सार्दोननं हुंगलं
आणि बशीभोवतीची फरशी उकरली,
काहीतरी पुरून टाकायचं असावं तशी.
लिव्हिओ, माझा भाऊ, म्हणाला
उपाशी ठेव, येईल वळणावर.
पण बाईंनी बजावलं होतं, एक दिवससुद्धा नको,
मांजराचं यकृत उपासाला सोसत नाही.

मग मी काटा काढला.
पितळी, निवृत्तीच्या दिवशी मिळालेला, शोभेचा.
चाळीस ग्रॅम सुकं, पाच ओलं.
दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी
त्यानं दाणे वेचून खाल्ले आणि ओलं ठेवलं,
एखाद्या कस्टम अधिकाऱ्यासारखं बाजूला, संशयानं.
डबा गरम पाण्यात धरला,
जिवंत उंदराच्या अंगाइतका कोमट होईपर्यंत.
दाणे खलबत्त्यात कुटले, वरून भुरभुरले.
पस्तीस, दहा.
परत चाळीस, पाच.
तीस, पंधरा.
लिव्हिओ म्हणाला, तुला वेड लागलंय.
मी म्हटलं, पासंग बघ, सरळ आहे का.

एकोणिसाव्या दिवशी टपालवाल्यानं बेल वाजवली.
सही करून परत आले तर बशी रिकामी
आणि सार्दोन खिडकीत, पाठ माझ्याकडे,
जिभेनं पंजा चाटत, जणू त्याचा काही संबंधच नाही.

आता वाळूत गोळा सापडतो लिंबाएवढा.
हसू नका, तोही तोलला.
डबे महाग पडतात. रविवारचं वर्तमानपत्र बंद केलं,
त्यात तसाही वाराच असायचा.

एवढंच एक राहिलं:
छपरांवरून त्याला बोलवायला मी
दाण्यांचा पत्र्याचा डबा खुळखुळवायचे.
ओलं वाजत नाही.
नावानं हाक मारली तर नुसता कान हलवतो.
मग गोदामात गेले, जुन्या माणसांकडून
मूठभर हिरवी बी मागून आणली, डब्यात घातली.
संध्याकाळी वाजवते.
कौलांवरून धावत येतो,
डब्याकडे बघतो, माझ्याकडे बघतो,
आणि बशीकडे जातो.

बी डब्यात घालण्याआधी
एक दाणा दाताखाली धरून पाहिला होता.
अकरा.